कोपऱ्यावरचा घोडा

सोल्मे, खालची आळी
चांद्र नव्या वर्षाचा चौथा दिवस

प्रिय ग्यूसांग,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून धसका घेतला असशील, तर आधी सांगते, घरातले सगळे धडधाकट नसले तरी जिवंत आहेत. पत्र लिहितेय ते एवढ्यासाठीच की फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी अप्पांचं नाव काढलं की तुला गोदीतलं कुठलंतरी अर्धवट राहिलेलं काम आठवतं, नाहीतर समोरचा भात गार होत असतो. कागद बिचारा कुणाला मध्ये तोडत नाही. तू तो रागाने खाली ठेवलास तरी पुन्हा उचलशील, कारण लहानपणापासून अर्धी गोष्ट ऐकून तुला कधी झोप आलेली नाही. तर ऐक. पौर्णिमेला, म्हणजे आजपासून अकराव्या दिवशी, वरच्या आळीशी आपला युतचा सामना आहे, तीच आपली कांड्या टाकून पटावर पळवायची घोड्यांची शर्यत, आणि आपल्याला एक माणूस कमी पडतोय. कांड्या टाकायला चौघं लागतात. आपल्याकडे अप्पा आहेत, तुझे भावोजी आहेत आणि टपाल वाटणारी होंगबाई आहे. चौथ्या जागी मी समाजघरातल्या फळ्यावर तुझं नाव लिहून आलेय. तू ये. का ये, ते सांगायलाच बसलेय, पण ते एका दमात माझ्याकडून सांगून होणार नाही. मी आधी इकडेतिकडे फिरणार, तेवढं सहन कर.

या हिवाळ्यात कुणाच्याच जिवाला चैन नाही. मासे मांडवांवर टांगून दोन महिने होत आले आणि थंडी आज येते, उद्या जाते. रात्री गोठला, दुपारी सुटला, असं कितीतरी वेळा झाल्याशिवाय मासा आतून पिवळा आणि भुसभुशीत होत नाही, हे तुला मी काय सांगू. यंदा तो दुपारी सुटतो आणि रात्री गोठायचं विसरतो. मी दिवसातून दहा वेळा मांडवांखाली जाऊन शेपट्या दाबून बघते. आताही मांडवांशेजारच्या खोपटात बसून लिहितेय. दोन ओळी झाल्या की उठते, वारा कुठून येतोय बघते, शेगडीत लाकूड सरकवते, परत बसते. मघाशी तुझे भावोजी दारातून डोकावून म्हणाले, "मासे तरी निवांत लटकू देत, तू आणखी एकदा दाबलंस तर तेच उतरून पळतील." माझ्या पायाला भिंगरी लागलीय ती माशांमुळे, असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

अप्पांना शहाऐंशी पूर्ण झाली. शरदात त्यांच्या छातीतून दोनदा पाणी काढलं, ते मी तुला तेव्हा फोनवर सांगितलं होतं आणि तू "हं" म्हणाला होतास. आता ते अंगण ओलांडेपर्यंत दोनदा थांबतात. थांबले की वर आभाळाकडे बघतात, म्हणजे हवामान बघायला थांबलोय असं आपल्याला वाटावं. पण कांड्या टाकायचा सराव चुकत नाही. रोज सकाळी दहा वाजता ओसरीत गवती चटई अंथरायची, त्या चार जुन्या कांड्या घ्यायच्या (बर्चच्या त्या, ज्यांतली एक तू दातांनी कुरतडली होतीस) आणि वीस वेळा टाकायच्या. हात अजून तसाच आहे, उंच न जाता मनगटातून सुटणारा. हा त्यांचा शेवटचा सामना असणार हे दोन्ही आळ्यांना माहीत आहे आणि कुणी तोंडातून काढत नाही. फळ्यावर तुझं नाव लिहिलं तेव्हा ते माझ्या मागेच उभे होते. चौथी ओळ वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. मला वाटलं आता म्हणतील, पूस. ते वळून चपला घालायला गेले. घरी आल्यावर मात्र मुळा मीठ कमी पडल्यासारखा लागतोय म्हणून माझ्यावर खेकसले.

आणखी एक गंमत सांगते. उलट्या दानाचा नियम तुला आठवतो ना, एका कांडीवर खूण करायची आणि ती एकटीच उताणी पडली की घोडा एक घर मागे घ्यायचा? शहरातल्या पोरांनी तो आणला तेव्हा अप्पांनी केवढं थैमान घातलं होतं. शर्यतीत मागे जातात का कधी, म्हणाले होते, खेळ आहे की खेकडा. पन्नास माणसांसमोर त्यांनी तो नियम मोडून काढला होता. यंदाच्या बैठकीत तेच उठून म्हणाले की उलटं दान ठेवायचं. वरच्या आळीच्या म्हाताऱ्यांना आधी ऐकूच आलं नाही, मग खरं वाटेना. अप्पा म्हणाले, नुसता एकच घर पुढे गेलेला घोडा एक पाऊल मागे आला तर थेट दाराशीच येतो की, त्यात काय वाईट आहे. मी चहाचे पेले गोळा करत होते, ते तसेच हातात धरून उभी राहिले.

आता परवाच्या दिवसाबद्दल. नव्या वर्षासाठी माझी नात आली होती, सोयुल, तिला आठवं लागलंय आणि तोंडाने ती साक्षात तू आहेस. तांदळाच्या वड्यांचं सूप संपायच्या आत तिने पट अंथरला. ती आणि भावोजी एका बाजूला, मी आणि अप्पा दुसऱ्या. पोरगी निर्दय खेळते. माझा घोडा दारापाशी पोचला होता, आणखी कुठलंही दान पडलं असतं तरी घरी गेला असता, तर तिने मागून येऊन तो मारला आणि वर मलाच सांत्वनाला एक वाळवलेलं गोड पर्सिमन फळ दिलं. मग डाव असा आला की तिला तीन पडले. तिचा एक घोडा पहिल्या कोपऱ्यावर, एक त्याच्या तीन घरं मागे, आणि आमचा मधल्या घरात, कोपऱ्यापासून बरोबर तीन. ती बघत राहिली. भावोजींनी मुद्दाम तिची परीक्षा घेतली, म्हणाले, "मागचा घोडा पुढे घे की, दोघं पाठुंगळी जातील, एकटा राहायचा नाही." तिने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की वेडा कोण आहे ते मला कळलं. "आजोबा, समोर मारायला घोडा उभा आहे. मारायचा सोडून पाठीवर कशाला घ्यायचा? असं कोण करतं?" आणि टचकन आमचा घोडा उचलून बाहेर ठेवला. मी पटावरून मान वर केली तर अप्पा माझ्याकडे बघत होते. पटाकडे नाही, सोयुलकडे नाही, माझ्याकडे.

तुला आता कळलं असेल मी कुठे चाललेय ते. कागद खाली ठेवू नकोस.

ओम्मा, आपली आई, गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास आणि मी बारा. त्याआधीही तू माझ्याच पाठीवर असायचास, पण त्यानंतर तू उतरायचंच नाव घेईनास. मी मांडवांखाली पडलेले मासे वेचायची तेव्हा तू पाठीवर, चूल फुंकायची तेव्हा पाठीवर. शाळेच्या बाईंनी एकदा मला उभं करून विचारलं की तुला कुबड आहे का. युत खेळायला अप्पांनी आपल्याला त्याच हिवाळ्यात शिकवलं, घरात फार शांत झालं होतं म्हणून. तुझा हात पहिल्या दिवसापासून चांगला होता. तू कांड्या टाकायचास आणि त्या तुझं ऐकायच्या. मला कांड्यांत रस नव्हता, मला घोडे फिरवायला आवडायचं. कुठला हलवायचा, कुठला थांबवायचा, आडव्या वाटेने कुणाला न्यायचं. अप्पांची एकच तक्रार असायची, की मी फार पाठुंगळ्या घेते. दोन घोडे जवळ आले की मी ते एकावर एक चढवणारच, मग मारायची संधी गेली तरी चालेल. एकटा घोडा बघवत नसे मला. अप्पा म्हणायचे, "ओक्सुन, एका दानात दोघं पुढे जातात, पण एका दानात दोघं मरतातसुद्धा." मी ऐकायची आणि पुन्हा तेच करायची.

आणि पौर्णिमेची पहाट आठवते का? उजाडायच्या आत अप्पा अंगणातून हाक मारायचे, "ग्यूसांग." तू पांघरुणातूनच "काय?" म्हणायचास. की ते लगेच, "घे, माझा उन्हाळा तुला विकला!" दरवर्षी फसायचास. येणाऱ्या उन्हाळ्यातला सगळा घाम आता तुझ्या अंगी आला म्हणून दिवसभर रडायचास, आणि मी तुला समजवायची की पुढच्या वर्षी ओठ घट्ट मिटून झोप. पुढच्या वर्षी पुन्हा "काय?" नंतर नंतर तू मोठा झालास, मिशा फुटल्या, तरीही फसायचास. तेव्हा मुद्दाम फसत होतास की काय, हे मी कधी विचारलं नाही.

मग ते वर्ष. तू बावीसचा, लष्करातली नोकरी उरकून परत आलेला आणि अंगात वारं भरलेला. तुला दक्षिणेला गोदीत जायचं होतं, जहाजं बांधायला. अप्पांना तू मांडवांवर हवा होतास. सगळा हिवाळा तुम्ही दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोललात. ताटावर बसून तू म्हणायचास, नुना, अप्पांना सांग मीठ दे. ते म्हणायचे, ओक्सुन, त्याला सांग मीठ समोरच आहे. शेवटी सामन्याच्या आदल्या दिवशी अप्पांनी समाजघरात सगळ्यांदेखत सांगितलं, की खालची आळी नऊ वर्षं हरतेय, उद्या तू टाकून जिंकवलीस तर खुशाल जा, मी स्वतः बसथांब्यापर्यंत सोडायला येईन. हरलास तर आणखी तीन हिवाळे मासे टांगायचे आणि कुरकुर करायची नाही. तू हात पुढे केलास. तुला तुझ्या मनगटावर भरवसा होता. आणि नेमकी आपला पट सांभाळणाऱ्या नोआजोबांची कंबर त्याच आठवड्यात बर्फावर मोडली होती, म्हणून घोडे फिरवायला मला बसवलं. पटावर बाई बसायची ती पहिलीच वेळ. वरच्या आळीने नाकं मुरडली, अप्पांनी त्यांच्याकडे कानाडोळा केला. तू मला खोपटाच्या मागे गाठून म्हणालास, "नुना, मी पाठीमागे बघणारसुद्धा नाही. तू आहेस म्हटल्यावर मला बघायची गरज नाही."

हे वाक्य मी एकतीस वर्षं ऐकतेय.

शेवटच्या डावात दोन्ही आळ्यांचा एकेकच माणूस टाकतो आणि टाकणाऱ्याने पटाकडे पाठ करून उभं राहायचं, हा आपल्याकडचा नियम. त्यामुळे तू जे ऐकलंस ते माणसांच्या आवाजावरून. मी जे पाहिलं ते सांगते. आपले दोन घोडे घरी पोचले होते, दोन पटावर. त्यांचे तीन पोचलेले, शेवटचा एक मधल्या घरात उभा. तू टाकलंस, तीन उताण्या, एक पालथी. तीन. आपला एक घोडा पहिल्या कोपऱ्यावर होता, तिथून आडव्या वाटेने तीन घरं गेला की मधलं घर, म्हणजे त्यांचा शेवटचा घोडा मेला, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, आणि वर तुला आणखी एक दान. आपला दुसरा घोडा कोपऱ्याच्या तीन घरं मागे. परवाचाच डाव, ग्यूसांग. अगदी हाच. आठ वर्षांच्या पोरीला डोळे मिटून कळला तो. मी हात पुढे केला आणि मागचा घोडा उचलून कोपऱ्यावरच्या घोड्याच्या पाठीवर ठेवला. एकदा हात सुटला की घोडा परत घेता येत नाही. मी हात सोडला.

अंगणात जो आवाज झाला तो तू ऐकलास. तू वळलास आणि पटाकडे बघून विचारलंस, "हा कुणी हलवला?" आवाज मोठा नव्हता, आणि त्यामुळेच तो सगळ्यांना ऐकू गेला. मी नजर पटावरच ठेवली. पटाशेजारी अप्पा बसले होते, आळीचे वडीलधारे म्हणून. ते उठलेसुद्धा नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मी सांगितलं तिला. दोघं मिळून जाऊ देत म्हटलं." पुढचं तुला माहीतच आहे. वरच्या आळीला दोन पडले, त्यांचा घोडा आपल्यापासून पाच घरांवर गेला. तू चारी कांड्या उताण्या पाडल्यास, चार, आणि आणखी एक दान मिळालं. आता त्यांचा घोडा मारायला फक्त एक हवा होता. अंगण उभं राहिलं होतं. तू टाकलंस आणि कुरतडलेली कांडी चटईच्या कडेवरून घरंगळली. अप्पाच कडेला होते, त्यांनीच म्हटलं, "बाहेर." दान फुकट गेलं आणि पुढच्याच दानात ते जिंकले. तू सगळ्यांसमोर अप्पांना म्हणालास की तुम्हाला मला अडवायचं होतं तर नुसतं नाही म्हणायचं होतं, खेळ कशाला नासवलात. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तू गेलास. बसथांब्यापर्यंत मी आले होते, तू माझा हात धरून म्हणालास की नुना, तुझी काही चूक नाही, तुला त्यांनी करायला लावलं. आणि मी मान हलवली.

अप्पांनी मला काही सांगितलं नव्हतं. शब्द नाही, खूण नाही, साधा खोकलासुद्धा नाही. घोडा मी हलवला. आणि कांडी खरंच बाहेर पडली होती, मी दोन हातांवरून पाहिली, चटई सोडून मातीत होती. त्या दिवशी अख्ख्या अंगणात सरळ खेळलेला माणूस कुणी असेल तर ते अप्पा.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती चूक होती, सवयीने हात गेला, एकटा घोडा बघवत नाही ना मला. मग थोडं धीट झाल्यावर सांगू लागले की मायेपोटी केलं, पाठीवर वाढवलेलं पोर जाऊ नये म्हणून. हे बोलायला बरं वाटतं. पण आता लिहायलाच बसलेय तर खरं लिहिते, नाहीतर कशाला एवढा कागद खराब केला. त्या महिन्यात इमांच्या घरून मला मागणी आली होती. तुझे भावोजी. मी एकोणतीसची होते, गावात माझ्या मागे "राहिली बिचारी" म्हणायला सुरुवात झाली होती. तू गेलास तर अप्पांपाशी कोण? मीच. म्हणजे लग्न संपलं. तू राहिलास तर मी सुटले. तीन हिवाळे मला पुरेसे होते. त्यांचा घोडा मला मधल्या घरात लख्ख दिसत होता, ग्यूसांग. मी तो पाहिला आणि मग हात दुसरीकडे नेला. गंमत म्हणजे ह्यातलं काहीच करायची गरज नव्हती. तू गेलास, आणि दोन महिन्यांनी हा भला माणूस स्वतःचं गाठोडं घेऊन म्हणाला, मीच येतो राहायला तुमच्याकडे, मला मासे आवडतात. मी तोंडात मारल्यासारखी बघत राहिले. आधी विचारलं असतं तर.

त्यानंतर तू फोन करायचास तो आधी विचारून, "अप्पा बाहेर गेलेत ना?" लग्नाचं कळवलंस मला. मुलीचं बारसं, म्हणजे तिचा शंभरावा दिवस, कळवलास मला. दरवर्षी समुद्री शेवाळाची पेटी येते ती माझ्या नावाने. अप्पा ती उघडतात, एक पान भाजतात, आणि चावत चावत म्हणतात, दक्षिणेकडचं दिसतंय. खापर त्यांच्या डोक्यावर होतं आणि ते घेऊन ते रोज माझ्यासमोर जेवायला बसायचे. एकदाही मला काही विचारलं नाही. मी मूग गिळून बसले. आधी वाटायचं की तुझा राग निवला की सांगू. मग वाटायला लागलं की आता सांगितलं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागेल. असं करत करत एकतीस पौर्णिमा गेल्या.

शेगडी विझत आलीय. उठून लाकूड घालून आले, जाता जाता शेपट्याही दाबल्या. आता शेवटचं.

काल सकाळी सोयुल आईवडिलांबरोबर परत गेली. मी ओसरीत पट गुंडाळत होते. अप्पा दहाच्या सरावाला आले, पण कांड्या उचलल्या नाहीत. खाली बसले आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "ओक्सुन, त्या दिवशी तुला तो घोडा दिसला होता ना?" मी म्हटलं, दिसला होता. त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "मला तेव्हाच कळलं. मी तुझ्या हाताकडे बघत होतो. पण त्याला तू सोडून कोण होतं? बापावर रागावलेला पोरगा कुठेही जगतो. तुझ्यावर रागावला असता तर त्याला फोन करायलासुद्धा घर उरलं नसतं." मी रडायला लागले तर चिडले. म्हणाले, आता त्याला लिहीत बसू नकोस, एवढी वर्षं पाठीवर आहे ते आणखी थोडे दिवस राहू दे, जड नाही. त्यांचा एकही शब्द मी आजवर मोडला नव्हता, हा मोडतेय. कारण गेल्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की उन्हाळा धरून चालू नका. आणि मला राहून राहून एकच दिसतंय. तू गेल्यापासून दरवर्षी या पौर्णिमेच्या पहाटे अप्पा फाटकापर्यंत जातात आणि बसथांब्याच्या रस्त्याकडे तोंड करून हाक मारतात, "ग्यूसांग." एकदाच. मग थोडा वेळ थांबतात आणि परत येतात. मी आत जागी असते, ओठ घट्ट मिटून. एकतीस उन्हाळे त्यांनी कुणालाच विकले नाहीत, सगळे स्वतःच भोगले. हा एक उरला आहे आणि तो त्यांना लागणार नाही. माझ्यावर रागाव, हवं तर पुन्हा कधी फोन करू नकोस, चौथ्या जागेवर मी सोयुलला बोलावून उभं करीन. पण अकराव्या दिवशी पहाटे त्या फाटकाबाहेर उभा राहा, आणि त्यांनी हाक मारली की "काय?" म्हण.

तुझीच, पटावर हात चुकवलेली
ओक्सुन नुना